उजेडावर तेहतीस दिवस

ईश्वरीला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तिचं हृदय अजून चालू होतं.

सुजाता शिरतोडेला हे कळलं ते फोनवरून. सकाळचे सव्वानऊ झाले होते. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. प्रत्येक बाई दारातूनच हंबरडा फोडत यायची आणि मग सुजातालाच तिला सावरत बसावं लागायचं. त्या दिवशी ती कुणाला न सांगता मागच्या दाराने निघाली आणि द्राक्षबागेत येऊन उभी राहिली. घडांच्या विरळणीचे दिवस होते. हातात कात्री होती, पण हात चालत नव्हता. तेवढ्यात मिरजेहून फोन आला.

“सुजाताताई ना? मी डॉक्टर नाझनीन मुजावर. ईश्वरीच्या हृदयाबद्दल बोलायचं होतं.”

“ते दिलं की आम्ही. ह्यांनी सही केलीया.”

“हो. पण ते अजून कुणाला बसवलेलं नाही. आमच्याकडेच आहे.”

“म्हणजे वाया गेलं?”

“नाही, नाही,” डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. “चालू आहे ते. छान चालू आहे.”

सुजाता होती तिथे मातीत बसली.

ईश्वरी बावीस वर्षांची होती. शेतकीची पदवी घेऊन ती पलूसला परत आली आणि अडीच एकर बाग तिने आईच्या बरोबरीने अंगावर घेतली. बापलेकीचं बागेवरून रोज वाजायचं, पण शेवटी जयवंत तिचंच ऐकायचा. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला काड्या बांधता बांधता ती “आई, डोकं गच्च झालंय गं” म्हणाली आणि तारेला धरून खाली बसली. डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी जन्मापासून फुगलेली होती म्हणे. कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. मिरजेच्या इस्पितळात दोन दिवस यंत्राने श्वास दिला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दोन तुकड्यांनी वेगवेगळं तपासून सांगितलं, की मेंदू गेला आहे, पूर्ण गेला आहे. सुजाताला शुद्ध नव्हती. तिला झोपेचं इंजेक्शन दिलेलं होतं. अवयव देण्याच्या कागदावर जयवंतने एकट्याने सही केली. मूत्रपिंडं, यकृत, डोळे त्याच दिवशी माणसांपर्यंत पोचले. हृदय ज्याला जायचं होतं त्या रुग्णाला मात्र त्याच सकाळी ताप भरला.

*

जयवंत वरच्या मजल्यावर आला नाही. “तू बघून ये,” म्हणाला, आणि खाली रिक्षाथांब्याजवळच्या बाकावर जाऊन बसला.

इस्पितळाच्या गच्चीवर दाराएवढ्या काचा उन्हाकडे तोंड करून तिरप्या उभ्या होत्या. दोन दोन काचांमध्ये बोटभर अंतर, आणि त्यात हिरवंगार पाणी. पाण्यात बारीक बुडबुडे वर चढत होते. डॉक्टर नाझनीन चाळिशीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. काचांपाशी मात्र त्या थांबल्या.

“आत आहे ते शेवाळ. एकेक पेशीचं, डोळ्याला न दिसणारं. विहिरीत असतं त्याचंच भावंड म्हणा.”

“आणि ती कुठाय?”

‘ते’ नव्हे, ‘ती’. डॉक्टरांनी ते ऐकलं, पण दुरुस्त केलं नाही. “खालच्या खोलीत. आधी इथलं सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर भीती वाटणार नाही. सांगू?”

सुजाताने मान हलवली.

“आपल्या अंगातली प्रत्येक पेशी जेवते आणि श्वास घेते. साखर घ्यायची, प्राणवायूच्या मदतीने ती हळूहळू जाळायची आणि त्यातून निघालेल्या ताकदीवर काम करायचं. पेशीत तंतुकणिका नावाच्या बारक्या भट्ट्या असतात, तिथे हे चालतं. जळून उरतो तो कर्बवायू आणि पाणी. हृदयात या भट्ट्या सगळ्यात दाट, कारण त्याला सुट्टी नाही. आणि साठा? जेमतेम दहा ठोक्यांपुरता. प्राणवायू थांबला की हृदय थांबलं. म्हणून पूर्वी काय करायचे, काढलेलं हृदय बर्फात ठेवायचे. गार झालं की भूक मरते. पण भूक अशी किती वेळ मारून ठेवणार? चार तास, पाच तास. तेवढ्यात बसवलं तर बसवलं.”

“आणि आता?”

“झाडाचं पान उलटं काम करतं ना? हृदयाने टाकलेला कर्बवायू पानाला हवा असतो. कर्बवायू, पाणी आणि ऊन घेऊन ते साखर करतं आणि प्राणवायू सोडतं. हृदयाला नेमकं तेच पाहिजे. आम्ही दोघांची गाठ घालून दिली, एवढंच. या शेवाळात थोडा बदल केलाय, ते केलेल्या साखरेतली निम्मी बाहेर सोडतं. एका नळीतून साखर, प्राणवायू खाली जातो. दुसरीतून हृदयाचा कर्बवायू वर येतो. मध्ये इतका पातळ पडदा आहे की शेवाळ पलीकडे जात नाही, फक्त हवा आणि साखर जाते. सिलिंडर लावून बघितले होते लोकांनी. दिवसभरात तोल जायचा. कधी जास्त व्हायचं, कधी कमी. इथे जास्त मागितलं की जास्त मिळतं. बाहेरून लागतो तो फक्त उजेड. दिवसा ऊन, संध्याकाळनंतर दिवे.”

सुजाताने काचेवर तळवा ठेवला. काच उन्हाने कोमट झाली होती.

“आमच्यात एका घडाला बारा-चौदा पानं लागत्यात,” ती म्हणाली. “कमी पडली तर घडात साखर उतरत न्हाई. ती मोजायची पानं. हिला किती लागत्यात?”

डॉक्टर नाझनीननी काचांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, “चार काचा.”

खालची खोली छोटी होती. मध्ये काचेचं भांडं, त्यात पाण्यासारखं पारदर्शक द्रव्य, आणि त्यात ते. मुठीएवढं. रक्त नसल्यामुळे फिकट, पहाटेच्या आभाळासारखं गुलाबी. ते आक्रसलं, सैल झालं. सुजाता श्वास रोखून वाट बघत राहिली. पुन्हा आक्रसलं. मिनिटाला अठ्ठावीस ठोके, डॉक्टर म्हणाल्या. थोडं गार ठेवलंय म्हणून सावकाश. ठोका द्यायला त्याला मेंदूची गरज नसते, त्याचा ताल त्याच्याच आत असतो.

भांड्याला कानाच्या उंचीवर एक भोंगा बसवलेला होता. त्यातून आवाज येत होता, ओल्या मातीत कुणी सावकाश पाऊल टाकतंय तसा.

सुजाता रडली नाही. तिने स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, “मी उद्या आले तर चालंल का?”

*

कायदा नवा होता. अवयव असे आठवडेच्या आठवडे जिवंत राहू लागले, तेव्हा सरकारला तो करावा लागला. दहा दिवसांच्या पुढे अवयव उजेडावर ठेवायचा असेल तर नातेवाइकांना कळवायचं, त्यांना भेटू द्यायचं, आणि बसवण्यापूर्वी आई-वडील दोघांची पुन्हा सही घ्यायची. सही होईपर्यंत नकार देण्याची मुभा. रुग्ण कोण, कुठला, याबद्दल एक शब्द सांगायचा नाही आणि गळ घालायची नाही. पूर्वी चार तासांत सगळं उरकायचं आणि घरच्यांना कागदावरच्या सहीपलीकडे काही कळायचंही नाही. आता दुःखाला बसायला जागा झाली होती, स्टूलसकट.

सुजाता रोज सकाळच्या एसटीने मिरजेला जायची. अकरा ते एक बसायची. आधी गप्प बसायची, मग बोलायला लागली. डावणीचा रोग आलाय कोपऱ्यातल्या तीन ओळींवर, फवारलंय. तुझ्या बापाने शेंडे खुडलेत, पण दोन पानं जास्तच घेतलीत. मंगलकाकी विचारायली, इशूच्या साड्या कुणाला द्यायच्या, मी म्हटलं हात लावायचा न्हाई.

त्यावर हृदय मिनिटाला अठ्ठावीस वेळा पाऊल टाकत राहायचं.

बाराव्या दिवशी जयवंतने विचारलं, “उद्याचं कसं करायचं?”

“कसलं?”

“तेरावं. गुरुजी येणारेत. भावकी येणार.”

“तिला अजून ठोका हाय, अन् तुम्ही पिंड देणार?”

“अगं, अग्नी दिलाय आपण.”

“ती जेवायलीया अजून!” सुजाता ओरडली. घरातली माणसं वळून बघू लागली. “साखर लागतीया तिला रोज. मी बघून येते. जी जेवतीया तिच्या नावानं पान कसलं वाढताय?”

जयवंतने दुसऱ्या दिवशी तेरावं एकट्याने केलं. गुरुजींनी विचारलं, वहिनी कुठायत? तो म्हणाला, मुलीकडे गेलीय. आणि आपण काय बोललो हे कळून खालमानेने पळी धरून बसला.

*

एकविसाव्या दिवशी डॉक्टर नाझनीननी दोघांना खालच्या ऑफिसात बोलावून सांगितलं, की रुग्णाचा ताप गेलाय, शस्त्रक्रिया करता येईल. कागद टेबलावर ठेवला. जयवंतने लगेच सही केली. पेन सुजाताकडे सरकवलं. तिने ते हातात घेतलं, टोपण लावलं आणि परत टेबलावर ठेवलं.

“घाई हाय का?” तिने विचारलं.

डॉक्टरांचे ओठ उघडले आणि मिटले. त्या रुग्णाला त्या रोज बघत होत्या. “तुम्ही तुमचा वेळ घ्या,” त्या म्हणाल्या. कायद्याने त्यांना एवढंच म्हणायची परवानगी होती.

“ठेवलं असंच, तर किती दिवस टिकतं?”

“महिन्याच्या पुढे कुणी ठेवून बघितलेलं नाही, सुजाताताई. मी खोटं सांगणार नाही.”

चोविसावा दिवस गेला, सव्विसावा गेला. सुजाता जात राहिली. जयवंत जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. घरात दोनच माणसं उरली होती, आणि तीही एकमेकांना चुकवत वावरत होती.

एकोणतिसाव्या दिवशी ती दुपारची परत आली तेव्हा जयवंत बागेत होता. ईश्वरीच्या ओळीत उभा राहून पानं मोजत होता. एका काडीवरची पानं मोजायचा, चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. सुजाता बांधावरून बघत राहिली. मग जवळ जाऊन म्हणाली, “तेरा हायत.”

“काय?”

“त्या काडीवर. तेरा हायत. सोडा आता.”

त्याने पान सोडलं. हात मात्र तसाच अधांतरी राहिला.

“मी सही केली तेव्हा तिचा हात गरम होता, सुजाता,” तो म्हणाला.

ती आणखी एक पाऊल जवळ आली.

“तुला माहीत न्हाई. तू नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला. मी म्हटलं, बरं. त्यांनी कागद दिला. एका हातात पेन होतं अन् दुसऱ्या हातात तिचा हात होता. गरम. नखाला मेहंदी होती अजून, दिवाळीची. छाती वर-खाली होत होती. यंत्रानं होत होती, मला कळत होतं. तरी मी सही केली. पाच मिनिटं लागली असतील.” तो तिच्याकडे वळला. “आता तू म्हणतीस, ती जेवायलीया. तू म्हणतीस, ती हाय. मग मी काय केलं गं? मी जितीजागती पोर देऊन टाकली का?”

वीस दिवस तो वर का आला नाही, पहिल्या दिवशी त्या बाकावरून का उठला नाही, हे सुजाताला तेव्हा कळलं. तिच्या मनात त्याच्याविषयी काय काय होतं, ते सगळं आठवून तिला स्वतःची लाज वाटली. तिने त्याचा तो अधांतरी हात धरला आणि खाली आणला. पानांचा चीक लागून तो चिकट झाला होता.

“उद्या माझ्यासंगं चला,” ती म्हणाली. “वर यायचं. खाली बसायचं न्हाई.”

*

जयवंत खोलीत आला आणि दाराशीच थांबला. मग एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक. त्याने भोंग्याला कान लावला नाही. तो नुसता बघत राहिला, बराच वेळ.

“एवढुसं हाय,” तो शेवटी म्हणाला. “एवढ्यावर चालायची होय ती सगळी.”

“बघा की.”

डॉक्टर नाझनीन आल्या. त्यांच्या हातात मोजमापांचा कागद होता. हृदयाच्या भिंतीची जाडी अकरा मिलिमीटर होती, ती साडेनऊवर आली होती. नियमाप्रमाणे हे त्यांना सांगावंच लागणार होतं, पण ते सांगताना त्या खिडकीकडे बघत होत्या, कारण ते गळ घातल्यासारखं वाटू नये असा त्यांचा प्रयत्न होता.

“रोडावलीया?” सुजाताने विचारलं.

“हो.”

“का? खायला मिळतंय की पोटभर.”

“खायला मिळतं, पण काम नाही. या हृदयाला उपसायला रक्तच नाही. ते रिकामं चालतंय. स्नायूला ओझं लागतं, ताई.” त्या थांबल्या, मग शास्त्राचंच बोलतोय अशा आवाजात पुढे म्हणाल्या, “आणि वरचं शेवाळही मंदावलंय. पहिल्या आठवड्यात जेवढी साखर करायचं, त्याच्या निम्मी आता करतंय. ऊन तेवढंच आहे. पण घेणाराच कमी घेतोय.”

सुजाता काचेच्या भांड्याकडे बघत म्हणाली, “वेलीचंबी तसंच असतंय. सगळे घड काढून टाकले की पान आळसतं. ऊन असलं तरी. साखर न्यायला कुणी नसलं की पान ती करायची थांबतं.”

“बरोबर आहे. अगदी हेच.”

“हे मला इशूनं सांगितलं होतं. मी म्हटलं, पुस्तकातलं सांगू नकोस. मग तिनं एक वेल मुद्दाम रिकामी ठेवून दाखवली मला.” ती पहिल्यांदाच थोडं हसली. “हट्टी होती.”

जयवंतने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“मॅडम,” सुजाता म्हणाली, “दिवसभरात काय करती हो ती? मी असते दोन तास. बाकीचे बावीस तास?”

डॉक्टर नाझनीननी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. “खातं. श्वास घेतं. ठोका देतं.”

“आणि?”

“आणि काही नाही, ताई.”

सुजाता स्टूलवर टेकली. ईश्वरी कधी एका जागी दहा मिनिटं बसलेली तिला आठवेना. जेवायलासुद्धा उभ्याने जेवायची. भाकरीची सुरळी हातात धरून बागेत पळायची. शाळेत असताना गोवर आला, तर तीन दिवस घरात ठेवताना सगळ्यांना जेरीस आणलं होतं. हे जे भांड्यात सावकाश आक्रसत होतं, सैल होत होतं, ते तिचं होतं. पण ते ती नव्हतं. या नऊ दिवसांत, वीस दिवसांत, तीस दिवसांत कधीतरी हे आपल्याला कळलं होतं आणि आपण ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

“कागद आणा,” ती म्हणाली.

सही करताना शिरतोडेमधला ‘डे’ ओळीखाली घसरला.

*

शस्त्रक्रिया तेहतिसाव्या दिवशी सकाळी ठरली. सुजाताने एकच मागितलं होतं: हलवताना तिथे असायचं. डॉक्टर नाझनीननी वरिष्ठांशी भांडून ते मिळवलं.

ऊन नुकतंच गच्चीवर आलं होतं. दोन तंत्रज्ञ नळ्यांपाशी उभे होते. डॉक्टर म्हणाल्या, “आता आम्ही गार द्रव्य सोडू. ठोका थांबेल. घाबरू नका, इथून शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत शांत ठेवावं लागतं. तिथे रक्त मिळालं की ते स्वतःहून सुरू होतं.”

“हात लावू?”

“भांड्याला लावा.”

सुजाताने एक तळवा काचेवर ठेवला. जयवंतने तिच्या हातावर आपला ठेवला. काच थंड होत गेली. पावलं सावकाश झाली. एक पडलं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, अर्धवट. मग भोंग्यातून नुसती खोलीची शांतता येत राहिली.

सुजाताला मुलगी गेल्याचा क्षण बघता आला नव्हता; ती तेव्हा इंजेक्शनच्या झोपेत होती. जाग आल्यावर सगळं झालेलं होतं. तो क्षण आता आला. तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. जयवंत तिला धरून खाली जमिनीवर बसला, आणि दोघं तेहतीस दिवसांचं तिथे, इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर बसून रडले. तंत्रज्ञांनी पेटी उचलली आणि पावलांचा आवाज न करता ते निघून गेले.

दुपारी अडीचला डॉक्टर नाझनीन स्वतः खाली बाकापर्यंत आल्या. अंगात अजून हिरवा झगा होता.

“सुरू झालं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या मिनिटाला. आम्हाला काही करावंसुद्धा लागलं नाही.” आणि मग, नियमांत बसतं की नाही याचा विचार न करता, त्या सुजाताच्या शेजारी बाकावर बसल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. थकून गेल्या होत्या त्या.

*

वर्षानंतर दोन्ही बाजूंची तयारी असेल तर भेट करून देता येते. जानेवारीत रेश्मा डोंबाळे पलूसला आली. एकतीस वर्षांची, उंच, काळीसावळी, जत तालुक्यातल्या एका खेड्यात डेअरीवर दुधाची फॅट मोजायचं काम करणारी. सोबत नवरा होता, आणि कडेवर तीन वर्षांची मुलगी.

रेश्मा ओसरीवर अवघडून बसली. चहा झाला. तिचा नवराच बोलला. बाळंतपणानंतर हिचं हृदय खचलं. पोर झाली, पण हिला ती उचलता यायची नाही, अंथरुणात शेजारी ठेवायला लागायची. त्यात रक्तात असं काहीतरी तयार झालेलं, की शंभर हृदयं आली तर त्यातली अठ्ठ्याण्णव हिला चालायची नाहीत. जुळणारं आलं आणि नेमका त्याच दिवशी हिला न्यूमोनिया झाला. “त्याच वेळी दुसऱ्याला दिलं असतं, तर...” तो म्हणाला. “शेवटच्या आठवड्यात ही बोलायचीबी बंद झाली होती.”

सुजाताच्या मनात दिवस आपोआप मोजले गेले. एकविसावा, चोविसावा, सव्विसावा, एकोणतिसावा. जयवंतने तिच्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली: नको, ते आता नको. पण ती उठली, रेश्मासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, “माझ्यामुळं उशीर झाला, बाळा. मी सही देत नव्हते.”

“मला म्हाईत हाय,” रेश्मा म्हणाली. “म्हणजे, कुणी सांगितलं न्हाई. पण उशीर होतोय म्हटल्यावर मला कळलं, तिथं कुणाची तरी आई बसलीया. मीबी आई हाय की.”

मुलगी मांडीवरून घसरली आणि कोंबड्यांच्या मागे अंगणात पळाली. रेश्मा तिच्यामागे धावली, चार ढांगांत तिला गाठलं, उचलून खांद्यावर टाकलं आणि हसत परत आली. तिला दम लागला होता, गाल तापले होते. सुजाता आणि जयवंत दोघंही ते बघत होते, आणि आपण काय बघतोय हे दोघांनाही कळत होतं.

रेश्माच्याही ते लक्षात आलं. ती ओशाळली. मुलीला खाली ठेवून तिने पदर सारखा केला आणि सुजाताच्या जवळ सरकली.

“काकी,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “ऐकायचंय का तुम्हाला? सगळे म्हणत होते, त्या ऐकतील. लावा कान. मला काय वाटणार न्हाई.”

सुजाता तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गरम होता. बोटांना दुधाचा वास येत होता.

“नको गं,” ती म्हणाली. “ते मी रोज ऐकलंय. तू बोल. सकाळी उठल्यापासून काय काय करतीस, ते सगळं सांग मला.”

रेश्मा जरा गोंधळली. नवऱ्याकडे बघितलं. मग मांडी घालून नीट बसली आणि सांगायला लागली.

“पाचला उठते. पहिलं शेरडं सोडते...”